चेंडू फेकणाऱ्यांचे काय?

गेल्या पावसाळ्यात अर्थशास्त्राच्या सरांनी आमच्या वर्गाला ‘मनीबॉल’ नावाचा इंग्रजी चित्रपट दाखवला. पैसा थोडा असताना माणसाची खरी किंमत कशी ओळखावी, हे समजावून देण्याचा सरांचा हेतू होता. चित्रपट २०११ चा, आणि त्यातली हकीकत २००२ सालची. अमेरिकेतील ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या गरीब बेसबॉल संघाने त्या वर्षी १३ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर या काळात लागोपाठ २० सामने जिंकले. विसाव्या सामन्यात ओकलंड ११–० असे पुढे होते. मग कॅन्सस सिटीच्या संघाने एकेक करीत ११–११ अशी बरोबरी साधली. शेवटच्या इनिंगमध्ये स्कॉट हॅटेबर्ग नावाचा खेळाडू बॅट घेऊन आला आणि त्याने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. सामना १२–११ असा संपला. आमच्या वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या बाकावरची मुले तर शिट्ट्या वाजवू लागली.

मी टाळी वाजवली नाही. माझ्या मनात एकच प्रश्न घोळत होता. अकरा धावांची आघाडी कोणी घालवली? आणि त्याआधीचे एकोणीस सामने कोणी राखले?

हा प्रश्न मलाच का पडला, ते आधी सांगते. मी आपल्या महाविद्यालयाच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघात पिचर आहे, म्हणजे चेंडू फेकणारी. सॉफ्टबॉल ही बेसबॉलची धाकटी बहीण. आम्ही खालून हात फिरवून ४३ फुटांवरून फेकतो. बेसबॉलचा पिचर वरून हात आणून ६० फूट ६ इंचांवरून फेकतो. चेंडू, मैदान, नियम यांत फरक असला तरी फेकणारीचे दुःख दोन्हीकडे सारखेच! दुसरे कारण घरचे आहे. माझे वडील गवंड्याच्या हाताखाली बिगारी आहेत. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणून ‘कोणाच्या कष्टावर कोणाचे नाव’ हा विषय निघाला की माझे कान आपोआप टवकारतात. या लेखातील मतांत काही चूक असल्यास ती वयाची समजून वाचकांनी पोटात घालावी.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बेसबॉलमध्ये नऊ इनिंग असतात आणि प्रत्येक इनिंगमध्ये प्रत्येक संघाचे तीन गडी बाद करावे लागतात. म्हणजे सामना जिंकायचा तर समोरच्यांचे सत्तावीस गडी बाद करणे आले. मैदानाच्या मध्यभागी दहा इंच उंचीचा मातीचा उंचवटा असतो. त्यावर उभा राहून पिचर चेंडू फेकतो. समोर बॅट घेतलेला गडी, त्याच्या मागे उकिडवा बसलेला कॅचर. चेंडू योग्य चौकटीतून गेला आणि गड्याने सोडला, किंवा बॅट फिरवूनही त्याला लागला नाही, तर ‘स्ट्राइक’. तीन स्ट्राइक झाले की गडी बाद. चौकटीबाहेर चार चेंडू गेले तर मात्र गडी फुकटात पहिल्या बेसवर चालत जातो. क्रिकेटच्या गोलंदाजाला षटक संपल्यावर सीमारेषेवर जाऊन श्वास घेता येतो. बेसबॉलच्या पिचरला ती सोय नाही. तो थांबला की खेळच थांबतो.

आता ओकलंडकडे वळू. त्या संघात टिम हडसन, मार्क मुल्डर आणि बॅरी झिटो असे तीन तरुण पिचर होते. २००२ च्या हंगामात झिटोच्या नावावर २३ विजय जमा झाले, मुल्डरच्या १९ आणि हडसनच्या १५. तिघांचे मिळून ५७. संघाने वर्षभरात एकूण १०३ सामने जिंकले. म्हणजे निम्म्याहून अधिक विजयांवर या तिघांची नावे आहेत. अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम पिचरला मिळणारे ‘साय यंग’ पारितोषिक त्या वर्षी झिटोलाच मिळाले. आणि चित्रपटात? या तिघांच्या वाट्याला पडद्यावर जवळजवळ काहीच आलेले नाही. चित्रपट आहे संघाच्या व्यवस्थापकाचा, आकडेमोड करणाऱ्या हुशार मुलाचा आणि हॅटेबर्गच्या त्या एका फटक्याचा.

बरे, तो फटका तरी का गाजला? अकरा धावांची आघाडी असताना ओकलंडची पिचिंग ढासळली म्हणून! त्या रात्री फेकणाऱ्यांनी आपले रोजचे काम नीट केले असते तर सामना ११–० असा शांतपणे संपला असता आणि हॅटेबर्गला बॅट हातात घ्यावीच लागली नसती. चित्रपटाला शेवटही मिळाला नसता. पिचिंग उत्तम असली की गोष्ट घडत नाही, आणि गोष्ट घडली नाही की नाव होत नाही. फेकणाऱ्याचे कामच असे, की समोर काही घडू द्यायचे नाही.

हे माझे म्हणणे एका चित्रपटावरून काढलेले आहे असे कोणी म्हणेल. म्हणून दुसरे उदाहरण देते, आणि ते पहिल्यापेक्षा मोठे आहे. ओकलंडचा वीस विजयांचा विक्रम पंधरा वर्षांनी, २०१७ मध्ये, क्लीव्हलंडच्या संघाने मोडला. या संघाचे नाव तेव्हा ‘इंडियन्स’ होते. २०२२ च्या हंगामापासून तो ‘गार्डियन्स’ या नावाने खेळतो. २३ ऑगस्ट २०१७ रोजी क्लीव्हलंडची नोंद होती ६९ विजय आणि ५६ पराभव. बरी होती, पण जगाने तोंडात बोट घालावे अशी काही नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जिंकायला सुरुवात केली ती १४ सप्टेंबरपर्यंत थांबलेच नाहीत. लागोपाठ २२ विजय! अमेरिकन लीगमध्ये इतकी लांब मालिका कोणाची झालेली नव्हती. त्या काळात त्यांनी १४२ धावा केल्या आणि दिल्या फक्त ३७. म्हणजे सामन्यामागे दोन धावासुद्धा दिल्या नाहीत. पिचरची कामगिरी मोजण्याची एक रीत आहे. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून नऊ इनिंगमागे त्याने किती धावा दिल्या ते काढतात. चारच्या आसपास असला तर पिचर ठीक, तीनच्या खाली असला तर उत्तम समजतात. बावीस सामन्यांत क्लीव्हलंडच्या सगळ्या पिचरांचा मिळून हा आकडा १.५८ होता. मालिकेच्या सुरुवातीलाच कॅन्सस सिटीविरुद्धचे तीन सामने त्यांनी ४–०, ४–० आणि १२–० असे जिंकले. तीन दिवस समोरचा संघ एका धावेसाठी झुरत राहिला.

तरीही या मालिकेतले चित्र म्हणून आज काय दाखवले जाते? बाविसावा सामना. नवव्या इनिंगमध्ये क्लीव्हलंड १–२ असे मागे, दोन गडी बाद, पराभव एका स्ट्राइकवर येऊन ठेपलेला. अशा वेळी फ्रान्सिस्को लिंडोरने चेंडू भिंतीवर मारून बरोबरी साधली आणि दहाव्या इनिंगमध्ये जे ब्रूसच्या फटक्याने सामना ३–२ असा जिंकला. दोघांचेही कौतुक व्हायलाच हवे. पण माझे म्हणणे एवढेच, की तीन धावांत सामना जिंकता आला, कारण दहा इनिंगमध्ये पिचरांनी दोनच धावा दिल्या होत्या. हे वाक्य कोणी उच्चारीत नाही. ते इतके उघड आहे की दिसतच नाही.

ही पिचिंग एका रात्रीत सुधारली नव्हती, आणि मला सर्वांत अधिक शिकवणारा भाग तोच वाटतो. कोरी क्लुबर हा त्या संघाचा मुख्य पिचर. २०१७ च्या मे महिन्याच्या आरंभी पाठीच्या दुखण्याने तो बाहेर पडला, तेव्हा त्याचा तो आकडा ५.०६ होता. एखाद्या नवख्यालाही लाज वाटावी असा. १ जूनला तो परतला आणि हंगाम संपेपर्यंत त्याने तो २.२५ वर आणला. १८ विजय, ४ पराभव, आणि साय यंग पारितोषिक. हा क्लुबर मुळात काही जन्मजात तारा नव्हता. २०१० मध्ये तो एका अदलाबदलीत क्लीव्हलंडकडे आला तेव्हा त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पुढे दुय्यम संघात असताना, एका प्रशिक्षकाने सांगितल्यावरून, त्याने आपला सरळ जाणारा चेंडू बाजूला ठेवून शेवटी वळणाऱ्या चेंडूची पकड शिकून घेतली. बोटे शिवणीवर थोडी सरकवायची, एवढाच काय तो बदल! पण वयाच्या पंचविशी–सव्विशीत स्वतःची सवय मोडणे किती कठीण असते, ते ज्याने अक्षर सुधारण्याचा प्रयत्न केला असेल त्याला विचारावे.

दुसरा कार्लोस कारास्को. हा व्हेनेझुएलाचा. क्लीव्हलंडकडे आल्यावर त्याच्या कोपरावर मोठी शस्त्रक्रिया झाली. २०१४ च्या आरंभी तो इतका मार खाऊ लागला की त्याला मुख्य पिचरांतून काढून राखीव पिचरांच्या जागी, ज्याला ते ‘बुलपेन’ म्हणतात तेथे, बसवण्यात आले. तेथे बसण्यात अपमान आहे असे पुष्कळांना वाटते. कारास्को तेथून शिकून आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला पुन्हा मुख्य जागा मिळाली आणि त्यानंतर त्याने ती सोडली नाही. २०१७ मध्ये त्याच्याही नावावर १८ विजय होते. यांच्या जोडीला ट्रेव्हर बाउअर, माइक क्लेव्हिंजर, जॉश टॉमलिन असे इतर होते. संघाचा भरवशाचा राखीव पिचर अँड्र्यू मिलर गुडघ्याच्या दुखण्यामुळे जवळजवळ सगळी मालिका बाहेरच होता. तरी गाडा अडला नाही, कारण ओझे एकाच्याच खांद्यावर नव्हते.

या विषयावर आमच्या संघातल्या मैत्रिणींशी माझा वाद झाला. आमची सर्वांत चांगली फटके मारणारी मैत्रीण म्हणाली, “शून्य धावा दिल्यास आणि शून्य धावा केल्यास, तर जिंकणार कशी गं?” तिचा मुद्दा खोटा नाही. क्लीव्हलंडने बावीस सामन्यांत १४२ धावा केल्या, म्हणजे सामन्यामागे सहाहून अधिक. मालिकेच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी बोस्टनला १३–६ असे हरवले. त्या दिवशी बॅटच चालली. शिवाय पिचर एकटा काही करू शकत नाही. चेंडू झेलणारे सात जण पाठीशी उभे असतात आणि कोणता चेंडू टाकायचा ते कॅचर बोटांनी सुचवीत असतो. हे सर्व मान्य. पण फटक्यांचे दिवस असतात. आज सात धावा होतील, उद्या एक. बावीस दिवस रोज सात धावा करणारा संघ जगात नाही. पिचिंग मात्र संघाला हा दिलासा देते, की आज तुमची बॅट रुसली तरी दोन-तीन धावा पुरतील. एखादा मोठा विजय बॅटने मिळतो. मालिका टिकते ती पिचिंगवर. माझ्या मैत्रिणीला हे अजून पटलेले नाही. ती हा लेख वाचील आणि पुन्हा भांडेल, याची मला खात्री आहे!

आता कोणी म्हणेल, प्रेक्षकांना फटके आवडतात, त्याला कोण काय करणार? पण गोष्ट आवडीवर थांबत नाही. ती नियमांपर्यंत जाते. १९६८ साल अमेरिकेत ‘पिचरांचे वर्ष’ म्हणून ओळखले जाते. सेंट लुईस संघाच्या बॉब गिब्सन या पिचरने त्या वर्षी नऊ इनिंगमागे केवळ १.१२ धावा दिल्या आणि १३ सामन्यांत समोरच्या संघाला एकही धाव करू दिली नाही. गिब्सन कृष्णवर्णीय होता. वडील त्याच्या जन्माआधीच वारलेले, बालपण ओमाहा शहरात गरिबीत गेलेले. अशा माणसाने खेळाची कमाल करून दाखवल्यावर पुढल्या वर्षी काय झाले? पिचर ज्या उंचवट्यावर उभा राहतो तो पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणण्यात आला. स्ट्राइकची चौकटही लहान करण्यात आली. १९७३ मध्ये तर अमेरिकन लीगने फक्त बॅट फिरवण्यासाठी एक वेगळा गडी ठेवण्याची मुभा दिली. धावा व्हाव्यात, तिकिटे खपावीत, हा त्यामागचा हिशेब. गिब्सन एकटाच त्याला कारण होता असे नाही. त्या वर्षी सगळीकडेच धावा आटल्या होत्या. पण फटके मारणारे फार चांगले खेळू लागले म्हणून त्यांची बॅट आखूड केल्याचे मला कोठे वाचायला मिळाले नाही.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? पालवणकर बाळूंचे उदाहरण घ्या. चांभार समाजात जन्मलेले हे डावखुरे गोलंदाज पुण्यात क्लबच्या मैदानावर कामाला होते. इंग्रज साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकणे हे त्यांचे काम. फलंदाजी मात्र साहेबाने करायची. बॅट मालकाची, चेंडू गड्याचा! त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते पुढे त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या वाट्याला आले. आणि आपल्या नाशिकचे बापू नाडकर्णी? जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी लागोपाठ २१ षटके निर्धाव टाकली. डावात एकूण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा. बळी मात्र शून्य. आमच्या वर्गात मी दहा जणांना विचारले. सचिन तेंडुलकरची शतके किती, हे दहाही जणांनी सांगितले. नाडकर्णींचे नाव दोघांना माहीत होते, त्यातला एक नाशिकचा. बळी नाही, म्हणजे घडले काही नाही. पण तीन तास समोरच्याला काही करू न देणे हे काही न घडणे आहे काय?

येथे थोडे घरचे सांगते. अण्णा खाली उभे राहून वरच्या परातीवरच्या गवंड्याला विटा फेकतात. लहानपणी मला वाटे, यात काय मोठेसे? जोर असला की झाले. एकदा सुट्टीत मी त्यांच्याबरोबर कामावर गेले आणि गमतीने एक वीट फेकली. ती गवंड्याच्या मनगटावर आदळली. अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, “पोरी, जोरानं फेकून भागत न्हाई. वर पोचताना तिचा जोर सरला पायजे. मंग ती हातात आपणहून बसती.” पुढे भौतिकशास्त्रात शिकले, की वर फेकलेली वस्तू सर्वांत उंच बिंदूवर क्षणभर थांबते. अण्णांनी ते पुस्तक वाचलेले नाही. दिवसाला हजारभर विटा ते त्या बिंदूवर नेऊन ठेवतात. एकदा मी विचारले, “अण्णा, घर बांधून झाल्यावर मालक गवंड्याला फेटा बांधतो, तुम्हाला का नाही?” ते हसून म्हणाले, “वीट हातात पोचली की ती वरच्याची झाली. फेकणाऱ्याचं नाव भिंतीवर ऱ्हात न्हाई.” त्यांनी ते तक्रार म्हणून म्हटले नव्हते. म्हणूनच मला ते अधिक लागले.

आणि आईचे काम तर त्याहून अदृश्य! आमच्या घरात गेल्या दहा वर्षांत काही विशेष घडले नाही. कोणाचे कर्ज झाले नाही, कोणाची शाळा सुटली नाही, जेवणावाचून कोणी झोपले नाही. यातले एकेक घडू नये म्हणून ती काय काय करीत होती, ते मला आता पिचर झाल्यावर कळू लागले आहे.

माझे स्वतःचे सांगायचे तर पहिल्या वर्षी मी दोन्हीकडे सपाटून मार खाल्ला. इंग्रजीचा पेपर राहिला आणि ए.टी.के.टी. घेऊन मी दुसऱ्या वर्षात आले. त्याच हिवाळ्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी एका इनिंगमध्ये सहा जणींना चार-चार चेंडू बाहेर टाकून फुकट बेसवर पाठवले. त्या रात्री मी ठरवले होते, की खेळही सोडायचा आणि शिक्षणही. मोठ्या भावाने माझ्यासाठी दहावीनंतर शाळा सोडली होती. त्याला काय तोंड दाखवू, असे झाले होते. क्रीडा विभागाच्या मॅडमनी समजूत वगैरे घातली नाही. त्यांनी जिमखान्याच्या मागच्या भिंतीवर कोळशाने एक चौकट काढली आणि सांगितले, “वेग विसर. रोज शंभर चेंडू या चौकटीत टाक. किती बाहेर गेले ते वहीत लिही.” पहिल्या दिवशी बासष्ट बाहेर गेले. तीन महिन्यांनी बावीस. त्याच वहीच्या उलट्या बाजूने मी रोज एक इंग्रजी उतारा उतरवून काढू लागले आणि चुका मोजू लागले. इंग्रजी सुटले. पिचिंग पूर्ण सुधारली असे म्हणणार नाही, पण या वर्षी आम्ही चार सामने ओळीने जिंकलो. चारच! तरी आमच्यासाठी ती मालिकाच होती, आणि चारही सामन्यांत मिळून आम्ही पाच धावा दिल्या.

एक गोष्ट लपवून ठेवली तर लेख अप्रामाणिक होईल. बावीस सामने जिंकणाऱ्या क्लीव्हलंडचे पुढे काय झाले? १५ सप्टेंबरला कॅन्सस सिटीने त्यांना ४–३ असे हरवून मालिका तोडली. संघाने वर्षभरात १०२ सामने जिंकले आणि बाद फेरीच्या मालिकेत न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध २–० अशी आघाडीही घेतली. मग सलग तीन सामने गमावून ते घरी बसले. ज्या क्लुबरवर सर्वांची भिस्त, त्याला दोन सामन्यांत मिळून सात इनिंगही टिकता आले नाही. पाचव्या, निर्णायक सामन्यात यँकीजच्या डिडी ग्रेगोरियसने त्याला दोन होमरन मारले. ओकलंडही २००२ मध्ये असेच २–१ अशा आघाडीनंतर मिनेसोटाकडून ३–२ असे हरले होते. तेव्हा चांगली पिचिंग केली की चषक घरी येतोच, असे मी म्हणत नाही. शेवटच्या दिवशी हात दगा देऊ शकतो. परीक्षेत तसेच, आयुष्यातही तसेच असावे. पण शेवटच्या एका दिवसामुळे आधीचे बावीस दिवस खोटे ठरत नाहीत. यँकीजविरुद्धच्या पराभवानंतरही क्लुबरला साय यंग देताना मते देणाऱ्यांनी त्याचे वर्ष मोजले, हे मला न्याय्य वाटते. त्या पारितोषिकाची मते बाद फेरीपूर्वीच दिली जातात. म्हणजे निदान तेथे तरी वर्षभर फेकलेल्या चेंडूंचा हिशेब वेगळा ठेवण्याची सोय आहे.

अशी सोय आपल्याकडेही व्हावी, एवढ्याच मागणीसाठी हा लेख लिहिला. आपल्या या वार्षिकाच्या गेल्या तीन अंकांतील क्रीडावृत्तान्त मी ग्रंथालयात बसून वाचले. क्रिकेट असो वा सॉफ्टबॉल, त्यात कोणी किती धावा केल्या ते आहे, होमरन कोणी मारले ते आहे. किती धावा दिल्या हे एकाही ओळीत नाही. संपादक मंडळाला आणि जिमखान्याला माझी नम्र विनंती आहे, की पुढच्या अंकापासून तक्त्यात आणखी एक रकाना घालावा: ‘दिलेल्या धावा’. त्याला ना पैसा लागतो, ना ठराव. स्नेहसंमेलनात चषक कोणाला द्यायचा तो द्यावा. माझी त्याबद्दल तक्रार नाही. कॅचरचे नावही पिचरच्या शेजारी छापावे, कारण आमच्या कॅचरचे गुडघे या वर्षी दोनदा सुजले आणि ते कोठेही नोंदले गेलेले नाही.

भिंतीवरची कोळशाची चौकट गेल्या दिवाळीत रंगकाम झाले तेव्हा पुसली गेली. मॅडमनी ती पुन्हा काढून दिली आहे. प्रथम वर्षाच्या दोघी मुली सध्या तेथे सकाळी साडेसहाला येतात. त्यांची वही मी पाहिली. पहिल्या दिवशी एकीचे एकाहत्तर चेंडू बाहेर गेले आहेत. तिला मी माझ्या वहीचे पहिले पान दाखवले.

(द्वितीय वर्ष, कला)